सोपानच्या बाटलीतलं पाणी

साल दोन हजार बावीस. माझं वय एकाहत्तर. त्या साली माझा साडू सोपान भाकरीच्या दर घासावर पाण्याचा घोट घ्यायला लागला. घास तोंडात घालायचा, इकडून तिकडे घोळवायचा आणि बाटली उचलायची. पाण्याशिवाय घास खाली उतरत नव्हता.

"काहून रे, ठसका लागला का?" मी विचारलं.

"ठसका न्हाई साडू," तो म्हणाला, "तोंडात उन्हाळा लागलाय."

सोपान सनई वाजवायचा आणि मी संबळ. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, त्यानं तेवढीही नाही. पण शिरड शहापूरपासून औंढ्यापर्यंत आमच्याशिवाय लग्न लागत नव्हतं असा आमचा काळ होता, आणि हे मी कुणाला विचारून लिहीत नाही. सोपान बुटका, गाल फुगीर, अंगात कायम इस्त्रीचा सदरा. बोलायचा कमी. कुणी पाणउतारा केला तर भांडायचा नाही. गालातल्या गालात हसायचा आणि घरी जाताना मला म्हणायचा, "इसरलो न्हाई. ठिवून दिलंय." त्याचं ठेवलेलं कधी सडत नसे, हे मला माहीत होतं.

त्यातलं सगळ्यात मोठं गाठोडं बाबारावाच्या नावाचं. बाबाराव म्हणजे आमच्या गावचा मोठा जमीनदार आणि मारुतीच्या देवस्थानाचा पुढारी. त्याच्या पोरीच्या लग्नात त्यानं सोपानला सिनेमातलं गाणं वाजवायला सांगितलं. सोपान म्हणाला, "नवरी मांडवात येऊन राहिली मालक. आता तिचंच वाजंल." पाहुण्यांदेखत वाजंत्र्यानं नाही म्हटलं, ते बाबारावाला झोंबलं. तेव्हापासून सोपान वाजवील तिथं हा समोर येऊन उभा राहायचा आणि चिंच चोखायचा. सनईवाल्यासमोर कुणी आंबट चोखलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, सनईच्या तोंडाची पत्ती जास्त भिजते आणि सूर घसरतो. अशी खोडी लहान पोरं करतात. बाबाराव नातवंडं झाल्यावर करत होता.

तर त्या सोपानचं तोंड वाळलं. जीभ टाळूला चिकटायची. बोलताना टक टक आवाज यायचा. डोळ्यांत माती गेल्यासारखं खुपायचं. दाढा हिरडीपासून खडूसारख्या तुटायला लागल्या. आमच्या वाजंत्र्यांत गळा ओला राहावा म्हणून खडीसाखर चघळायची रीत आहे. मेहुणीनं डबाच भरून ठेवला. सोपान दिवसभर खडा तोंडात धरायचा, झोपतानासुद्धा. दाढा आणखी जोरात गेल्या.

शेवटी मी त्याला हिंगोलीला दातांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिनं जबड्याखाली, कानाखाली दाबून पाहिलं. आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, मग नांदेडला पाठवलं. तिथं रक्त तपासलं, खालच्या ओठातून बारीक तुकडा काढून तपासला. परत आलो तेव्हा बाई म्हणाली, "आजोबा, लाळेच्या गाठी दुबळ्या झाल्यात. तुमचंच शरीर त्यांना शत्रू समजतंय. लाळ दातांची राखण करते. राखणदार गेला आणि तुम्ही वर साखर ठेवली."

खडीसाखर बंद झाली. दातांना लावायला औषध दिलं. पाणी सारखं घोट घोट प्यायचं, बाटली सोडायची नाही, असं बजावलं. मागच्या दाढा गेल्या, पुढचे दात तिनं वाचवले.

"आंबट चोखल्यावर जरा पाणी सुटतं बघा," सोपान म्हणाला.

"गाठी अजून पूर्ण मेल्या नाहीत म्हणून सुटतं. पण चोखू नका. उरलेले दात जातील."

"आन् नुसतं बघितलं तर?"

बाई हसली. "बघायला कोण अडवतंय?"

सोपान गालातल्या गालात हसला.

बाटली त्याच्या हातात कायमची आली आणि सोपान दारूला लागला अशी गावात कुजबुज सुरू झाली. हनुमान जयंतीच्या आधी देवळात बैठक होती. सगळ्यांसमोर बाबारावानं सोपानच्या हातातून बाटली ओढली, झाकण काढून नाकाला लावली.

"वास येत न्हाई," तो म्हणाला. "म्हंजी महागाची दिसती!"

माणसं हसली. मी नावं लिहू शकतो त्यांची, पण त्यातली दोघं-तिघं आता मेली आहेत. बाबारावानं पाणी फरशीवर ओतून दिलं आणि म्हणाला, "देवासमोर बाटली चालायची न्हाई. देवळापासून वेशीपर्यंत सनई तुटली, तर पुढल्या साली बँड लावू."

आमच्या गावात पालखी निघाली की वेशीपर्यंत सनई तुटू द्यायची नाही, अशी रीत. तो मान सोपानच्या आजोबापासून त्यांच्या घरात. मी उठलो होतो. सोपाननं माझं धोतर धरून खाली बसवलं. "ठिवून दे साडू," एवढंच म्हणाला.

जयंतीच्या आदल्या दिवशी तो पाराजवळच्या हॉटेलात गेला. बाबाराव चारचौघांत बसला होता. सोपाननं त्याच्यापुढं हात जोडले. सोपानचे हात देवाशिवाय कुणापुढं जोडलेले मी पाहिले नव्हते.

"मालक, एक इनंती हाय. उद्या चिंच आनू नका. बाटली न्हाई, काही न्हाई. तेवढी चिंच नगं."

"बरं बरं," बाबाराव म्हणाला आणि शेजारच्याला डोळा मारला.

बाहेर आल्यावर मी सोपानला झापलं, "लाज सोडली का?"

"गप रे. उद्या संबळ घट्ट वढून आन."

पालखी उचलली. सोपाननं देवळातच शेवटचा घोट घेतला आणि बाटली माझ्या नातवाकडे दिली. चार पावलं गेलो तोच सूर खरखरायला लागला. पत्ती वाळत होती. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. मी संबळावर जोर केला, म्हणजे खरखर झाकली जाईल. तेवढ्यात बाबाराव पुढं आला. पांढरा शुभ्र सदरा आणि हातात ही एवढी चिंच. उलटा चालत, सोपानच्या तोंडासमोर धरून, मचाक मचाक चोखायला लागला.

सोपाननं डोळे चिंचेवर रोवले. तीन-चार आवर्तनं गेली आणि सूर ओला झाला. मला संबळावर कळलं. बाबारावाला वाटलं अजून जोर करावा. त्यानं दुसरी चिंच काढली. तो जितका चोखायचा, तितकी सनई उघडत गेली. वेशीपर्यंत बाबारावाच्या हनुवटीवरून लाळ गळून सदऱ्यावर तपकिरी ओघळ आले होते, आणि बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

वेशीत सोपाननं सनई खाली घेतली. "मालक," तो मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टरीणबाईनं आंबट चोखू नगं सांगितलं होतं. तुमी माझ्या वाटचं चोखलं. तुमच्या चिंचंवर वाजवलं आज."

त्या दिवशी बाबारावाचे दात असे आंबले की त्याला भंडाऱ्यातली बुंदीसुद्धा चावेना. सोपानचं तेवढ्यानं भागलं. माझं भागलं नाही. फरशीवर ओतलेलं पाणी मला दिसत होतं.

दोन वर्षांनी थंडीत सोपानच्या छातीत कफ धरला आणि तो गेला. सरणाजवळ चार शब्द बोलायला बाबाराव उभा राहिला. माणसांनी मान दिला त्याला. म्हणाला, "कलाकार थोर होता. बाटलीनं नेला." सोपानच्या पोराच्या हातात विस्तव होता, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहुणीकडे गेलो. सोपानची बाटली उशापाशी तशीच होती, अर्धी भरलेली. ती घेऊन हॉटेलात गेलो. बाबाराव चहा पिऊन राहिला होता, भोवती कालचीच माणसं. बाटली त्याच्यापुढं ठेवली.

"पी," म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

"येडा झाला का रे?"

"बाटलीनं नेला म्हणलास ना? पी. कशानं नेला ते कळू दे."

मधे कुणी पडलं नाही. त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, झाकण काढलं आणि घोट घेतला.

"काय हाय?"

"पाणी," तो पुटपुटला.

"उभा राहून सांग."

तो उभा राहिला. "पाणी हाय," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी त्याच्या हातातून बाटली घेतली, उरलेलं पाणी तिथंच प्यालो आणि घरी आलो.