रांजणाखालची बाग

आमच्या मोसंबीला पाणी मी देते, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. मागच्या हिवाळ्यात कळलं की तसं काही नाही. आमच्या मोसंबीला पाणी एक कंपनी देते, आणि ती मला विचारत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. आवाज मोठा, कारण आयुष्यभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत तो पोचवावा लागला. नवरा तहसील कचेरीतून माझ्याआधी निवृत्त झाला. जांब समर्थच्या रस्त्यावरून थोडं आत गेलं की आमचं शेत लागतं. तिथली बाग माझ्या सासऱ्यांनी म्हातारपणी लावली. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांचं लहानपण दुसऱ्याच्या मळ्यात राबण्यात गेलं. तहान लागली की विहिरीच्या कडेला ओंजळ धरून बसायचं आणि कोणी वरून ओतलं तर प्यायचं, हे त्यांनी भोगलेलं होतं. पुढं धम्मदीक्षा घेतली, पै पै करून जमीन घेतली, स्वतःची विहीर पाडली आणि बाग लावली. बागेच्या पाइपाच्या तोंडाशी त्यांनी पाणी सोडायचा-तोडायचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाडजूड कॉक बसवला. सून म्हणून मला शेतातली पहिली शिकवण मिळाली ती त्या कॉकपाशीच.

"पाण्याचा कॉक आपल्या हातात पायजे," मामा म्हणायचे. "बाकी समदं होतंय."

मोसंबीचं एक आहे. तिला बारमाही पाणी पाजलं तर ती नुसती पानं काढते. फुलं हवी असतील तर हिवाळ्यात तिचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवख्याला वाटतं, गेली बाग. मग संक्रांतीच्या सुमाराला बेतानं पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी पांढरं होतं. याला ताण देणं म्हणतात. ताण अर्ध्यात मोडला तर फुलांऐवजी कोवळी पालवी फुटते आणि वर्ष हातचं जातं. ताण द्यायला छाती लागते, आणि ती मला आहे.

तर त्या हिवाळ्याआधीची दोन वर्षं आमचा बहार नीट लागला नव्हता. एकदा अवकाळी पाऊस आला, एकदा धुकं. अंकुशनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या रस्त्यानं बघून बघून ह्यांच्या मनात ऊस भरला. बाग म्हातारी झाली, उपटून टाकू, ऊस लावू, हे रोजच्या जेवणात तोंडी लावणं झालं. शेवटी आमच्यात ठरलं. या हिवाळ्याचा बहार लागला तर बाग राहील. नाही लागला तर उन्हाळ्यात जेसीबी आणायचा. मी ताबडतोब हो म्हटलं. मामांची झाडं मला ठाऊक होती आणि माझा ताणही.

आता मशीनचं सांगते. त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात ह्यांनी कृषी प्रदर्शनातून स्मार्ट पाणी यंत्रणा आणली. मातीत रोवायची एक बिनवायरची दांडी, तिला सेन्सर म्हणतात. मोटारीजवळ एक पांढरा डबा. आणि फोनमध्ये एक ॲप. माती सुकली की दांडी डब्याला सांगते, डबा बागेचं पाणी सुरू करतो, आणि ॲप आपल्याला सांगतं की किती छान काम झालं. बसवायला आलेल्या माणसानं मामांचा कॉक काढून बाजूला ठेवला. "आता याची गरज नाही काकू," म्हणाला. ह्यांनी तो कॉक भंगारवाल्याला देऊन टाकला. जालन्याच्या कुठल्यातरी भट्टीत तो कधीच वितळला असणार आणि आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन पडला असणार. मला हे नंतर कळलं. कळलं तेव्हा घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

खोटं कशाला बोलू, उन्हाळ्यात यंत्रानं चोख काम केलं. ह्यांना तर जणू दुसरी नोकरी लागली. सकाळी चहाबरोबर ॲप उघडायचं आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवायचं. हिवाळा लागल्यावर मी ॲपमधलं 'पाणी बंद' बटण दाबलं आणि ताण सुरू केला. यंत्रानं मुकाट ऐकलं. तोवर माझीही त्याच्याबद्दल तक्रार नव्हती.

मग भाचीच्या लग्नाला मी हसनाबादला गेले. हळद, लग्न, पाठवणी, सगळं उरकून परतले तर हे फाटकात उभे, चेहरा खुललेला.

"बाग बघ, कशी हिरवीगार होऊन राह्यली. सुकून चालली होती बिचारी."

मी पिशवी खाली टाकली आणि तशीच बागेत गेले. प्रत्येक झाडाखाली ओल्या मातीचं कडं होतं. शेंड्यांवर पोपटी पालवी डोकावत होती. मला अक्षरशः रडू आलं. एवढी देखणी पालवी बघून रडणारी बाई ह्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल.

"पाणी कोणी सोडलं?"

"मी न्हाई सोडलं बाई. त्याचं त्यानंच सोडलं. हे बघ, अभिनंदन म्हणून आल्तं."

फोनवर एक हसरं हिरवं पान होतं आणि खाली लिहिलेलं होतं की आपल्या बागेला वेळेवर पाणी देण्यात आले आहे. मी गेले होते तेवढ्यात ॲप स्वतःचं स्वतः बदललं होतं. माझं 'पाणी बंद' बटण जिथं होतं तिथं आता 'पीक सुरक्षा' असं झळकत होतं, आणि ते बंद करायची सोयच ठेवलेली नव्हती. मोटार बंद ठेवावी तर तिच्यावरच गहू आणि जनावरांचा हौद; डब्याची वायर काढावी तर मोटारच चालू होत नाही. पाइप कापून बूच मारते म्हटलं तर ह्यांनी हात धरला. "गॅरंटी जाईल ना!"

मी कंपनीला फोन लावला. आधी गाणं ऐकलं. मग हिंदीतून एका माणसानं माझं म्हणणं समजून न घेता मला धन्यवाद दिले. मग एक मराठी बोलणारी मुलगी आली, आवाज गोड.

"मॅडम, तुमच्या मातीत ओलावा खूपच कमी झाला होता. म्हणून सिस्टीमनं पाणी दिलं."

"कमीच पायजे मला. ते बंद कसं करायचं तेवढं सांग."

"पण मॅडम, झाडं वाळतील ना?"

"अगं बाई, वाळायलाच ठेवली हायेत!"

मग ती फार हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली. "मॅडम, तसा पर्याय सिस्टीममध्ये नाहीये. मी तुमची तक्रार पुढे पाठवते."

दोन दिवसांनी निरोप आला. आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

त्या दिवशी मला जो राग आला तो नुकसानीचा नव्हता. अवकाळी पाऊसही माझा ताण मोडतो, पण पाऊस अभिनंदन करत नाही. राग आला तो वेगळा. जिनं मोसंबीचं झाड बघितलेलं नाही अशी कंपनी मला सांगत होती की तुझ्या झाडाचं भलं आम्हाला जास्त कळतं. पैसे आमचे, विहीर आमची, आणि पाणी सोडायचं की नाही हे ठरवणारा लांब कुठंतरी बसलेला. ओंजळ धरून बसणं ज्या घरानं संपवलं, त्या घराच्या विहिरीवर हे चाललं होतं. मामा असते तर त्यांनी तो पांढरा डबा विहिरीत टाकला असता. माझ्याही मनात ते येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आखाड्यावर, म्हणजे आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडपाशी, रांजणातलं पाणी पीत उभी होते. आमचा रांजण जुना आहे, सतत पाझरतो. त्याच्या खालची माती बाराही महिने ओली, म्हणून मी तिथं पुदिना लावलेला आहे. मी पुदिन्याकडे बघितलं, मग बागेकडे बघितलं. मग सरळ बागेत गेले, सेन्सरची दांडी उपटली आणि आणून रांजणाखाली पुदिन्यात रोवली.

हे धावत आले. "अगं, हे काय करून राह्यलीस?"

"मातीत रोवा म्हणले होते. रोवली मातीत."

ॲप खूश झालं. हसरं पान सकाळी हसायचं, संध्याकाळी हसायचं. तुमची बाग समाधानी आहे, असं रोज कळवायचं. इकडे बाग पुन्हा मलूल होऊ लागली. कोवळी पालवी माना टाकू लागली. रांजणाखालचा पुदिना बघून कंपनी निर्धास्त, आणि बाग माझ्या ताब्यात.

पण मोडलेले दिवस भरून काढायचे होते. संक्रांत झाली. आजूबाजूच्या बागांना पाणी सुटलं, त्यांच्या झाडांवर कळी दिसू लागली, आणि आमची बाग पिवळी पडून उभी. येणारा-जाणारा बांधावरून विचारायचा, विहीर आटली का? हे बागेत जाईनासे झाले. रोज एकच वाक्य, "सोड आता पाणी." मी म्हणायची, "न्हाई." घाबरले नव्हते असं नाही. जास्त ताणलं तर झाडं खरोखर मरतात, आणि मग जेसीबी बोलवायची कटकटही उरत नाही. मी रोज सकाळी झाडांची पानं हातात घेऊन बघायची, फांदी वाकवून बघायची. मामा असंच करायचे. फांदी अजून लवत होती. माझ्या हाताला ते कळत होतं, आणि त्या कळण्यावरच मी थांबून राहिले.

एका सकाळी झाडांनी पुरेशी पानं टाकलेली दिसली. मी रांजणाखालून दांडी काढली, पदरानं पुसली आणि पत्र्यावर उन्हात वाळत घातली, पापड घालतात तशी. थोड्या वेळानं फोन ओरडू लागला. लाल पान, तातडीची सूचना, आपली बाग धोक्यात आहे! मोटारीजवळचा डबा खटकन वाजला आणि बागेच्या नळ्यांतून पाणी सुरू झालं. पहिलं पाणी हलकंच द्यायचं असतं. तेवढं झालं की मी दांडी परत पुदिन्यात रोवली आणि पाणी थांबलं. पुढचं पाणी असंच, त्यापुढचंही. कंपनीनं माझा कॉक काढून घेतला होता. मी तिच्याच दांडीचा कॉक केला.

बाग उशिरा फुलली, पण अशी फुलली की वास रस्त्यापर्यंत जायचा. मधमाश्यांचा घोंगाट पायवाटेवर ऐकू यायचा. बांधावरून विहिरीची चौकशी करणारे आता आत येऊन बघून जाऊ लागले. हे मात्र काही बोलले नाहीत. ना उसाचं, ना जेसीबीचं. मीही विचारलं नाही. कबूल करायला माणसाला जरा जागा द्यावी लागते.

फूल ऐन भरात असताना कंपनीचा एक तरुण आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात कॅमेरा. आमच्या भागातलाच होता, बोलण्यावरून कळलं.

"काकू, आमच्या रेकॉर्डला सगळ्यात बराबर ओलावा तुमच्या बागेत राहिला. 'पीक सुरक्षा' आल्यापासून दोन-चार वेळा सोडलं तर कायम! आणि फूल तर बिलकुल मस्त. दोन शब्द बोला ना यंत्राबद्दल, आम्हाला दाखवायचंय सगळ्यांना."

मी त्याला आधी पाणी दिलं, रांजणातलंच. त्याचं पिऊन झाल्यावर म्हटलं, "तुमची बाग दाखवते, ये." आणि पुदिना बाजूला सारून त्याला दांडी दाखवली.

तो उकिडवा बसला. दांडीकडे बघितलं, बागेकडे बघितलं. त्याच्या घरी मोसंबी असावी, कारण त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"ताण दिल्ता का काकू?"

"मंग? फुलं काय तुझ्या ॲपमधून आली?"

तो हसला, पण लगेच कानकोंडा झाला. "हे वर सांगितलं तर माझ्यावरच येईल."

"तू नको सांगू. मी लिहून देते. पाणी बंद करायचं बटण माझं होतं, ते परत द्या, एवढंच लिहिते. वर पोचवायचं काम तुझं."

मी लिहून दिलं. त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं आणि फुलांचे फोटो काढून गेला. माझ्या कागदाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. बटण अजून आलेलं नाही. संध्याकाळी पुन्हा ताऱ्यांची विचारणा झाली. मी पाचच्या पाच दिले. आमचा रांजण त्या लायकीचा होता.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच गाडी काढून अंबडला गेले. उसाचं बेणं सांगायला, असंच मला वाटलं, आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. दुपार टळल्यावर परत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. माझ्या पुढ्यात ठेवलं. मी कागद सोडला. आत नवाकोरा कॉक होता, बिडाचा, तेलाचा वास येणारा, अगदी मामांच्या कॉकसारखा.

"आणि गॅरंटी?" मी विचारलं.

"जाऊ दे गॅरंटी. दुकानदार म्हणला, वीस वर्षं हलत न्हाई." मग माझ्याकडे न बघता, बागेकडे तोंड करून म्हणाले, "मंग तितकी वर्षं बाग पायजे ना त्याच्यापुढं."

मी उठले आणि पाना शोधायला शेडमध्ये गेले.