देजिदवहिनीचा गळा

आमच्या गोबीच्या वाळवंटात लग्नाला गेलेल्या माणसाची गायल्याशिवाय सुटका नाही. दारूची वाटी हातात आली की आधी गाणं म्हणायचं, मग प्यायचं. वाटी जवळ येतेय असं दिसलं की माझी देजिदवहिनी उठून चुलीत गोवऱ्या सारायला जायची, चूल धडाडून पेटलेली असली तरी. कारण वहिनीला गाता येत नव्हतं. म्हणजे थोडंथोडकं नव्हे. सूर डावीकडे चालला असेल तर ही उजवीकडे निघायची, आणि तेही अगदी ठामपणे. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, सगळ्यांना सांगायचा, "हिनं एकदा तोंड उघडलं, तर आलेला ढग परत चीनला गेला!"

गंमत म्हणजे तिला गुणगुणायची हौस दांडगी. लोकर झोडताना, दही घुसळताना, पोराला थोपटताना तिचं आपलं चालूच. एकच ओळ, ना शेंडा ना बुडखा. तिची पोरं त्यावर बिनघोर झोपत. आई म्हणायची, "झोपतात कसली! शुद्ध हरपते बिचाऱ्यांची."

आईला बोलायचा अधिकार होता. एखादी उंटीण पिल्लाला झिडकारायला लागली की तिला गाऊन वळवावं लागतं, आणि त्यात आईचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. बेसूर कानावर पडलं तर उंटिणीचा पान्हा आटतो, अशी आमच्याकडची पक्की समजूत. त्यामुळे आई गायला बसायच्या आधी वहिनीला पाणी आणायला पिटाळायची. विहीर चांगली लांब होती. वहिनी हसत जायची. मला मात्र आईचा राग यायचा.

त्या वसंतात वारा नुसता पिसाळला होता. आमची एक उंटीण पहिल्यांदाच व्याली. पिल्लू आडवं आलेलं, दादानं आणि शेजाऱ्यांनी ओढून काढलं. उंटिणीनं त्या पांढऱ्या गोळ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ चालू लागली. जवळ आणलं की लाथ. शेळीचं दूध पाजायला गेलो तर पिल्लू निम्मं ओघळू देई. दुसऱ्या दिवशी त्याला मानही धरवेना. आई खोकल्यानं बेजार, तोंड उघडलं तर नुसती हवा. ती खरखरत म्हणाली, "आज आईचं प्यायलं तर जगेल. नाही तर गेलं."

दादानं मोटारसायकल काढली आणि पुन्त्सागला घेऊन आला. पुन्त्साग म्हणजे आमच्याकडचा नावाजलेला गवई. माणूस भला, पण आपण किती छान गातो हे त्याला फार चांगलं ठाऊक. रेशमी झगा घालून आला होता. खारा चहा झाला. मग त्यानं रिवाजाप्रमाणे घोडमुखी सारंगी आधी उंटिणीच्या पाठीवरच्या कुबडाला टांगली. वाऱ्यानं तारा आपोआप घुमल्या. मग सारंगी उतरवून तो वाजवायला आणि गायला लागला. काय गळा! मला रडू आलं, शेजारीण डोळे टिपत होती. उंटिणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बरोबर त्याच्या झग्यावर थुंकली.

"बहिरी आहे ही!" पुन्त्साग झगा पुसत ओरडला.

"बहिरी कशानं?" आई खरखरली. "तू आमच्यासाठी गातोयस बाबा. तिच्याकडे बघितलंस तरी का?"

या गडबडीत वहिनीला विहिरीवर धाडायचं राहूनच गेलं होतं. ती पिल्लाचं डोकं मांडीवर घेऊन त्याचे पाय चोळत होती, आणि तिच्या नकळत तिचं ते गुणगुणणं सुरू झालं होतं. उंटिणीचा एक कान वळला. मग मान वळली.

"अगं, गप्प!" दादा खेकसला. "पान्हा आटेल!"

वहिनी दचकून थांबली. उंटिणीनं मान फिरवली. आईनं हातातली काठी दादाच्या पोटरीवर हाणली. "तूच गप्प! पोरी, गा तू."

"आई, मला कुठं येतं?"

"येतं का असं कुणी विचारलंय? गा!"

वहिनी लालबुंद झाली. तिनं आईचं ठेवणीतलं गाणं धरलं आणि दुसऱ्याच शब्दाला आपटली. उंटीण दूर सरकली.

"ते नको गं," आई म्हणाली. "मघाचं तुझं."

वहिनीनं डोळे मिटले आणि पिल्लाला थोपटत गुणगुणायला लागली. पुन्त्साग म्हणतो, माणूस गाणं नदीकडून शिकला. आई म्हणते, देवानं दिलं. मला त्या दिवशी वाटलं, शब्दसुद्धा नव्हते तेव्हा कुणाचं तरी पोर रडलं असेल, आणि आईजवळ द्यायला दुसरं काही नसेल. पुन्त्साग तिचा सूर तारेवर शोधत होता. सापडेना. शेवटी त्यानं निमूटपणे खुंटी पिळून तार उतरवली आणि तिच्या आवाजाखाली एकच सूर धरला. त्या क्षणी तो मला फार आवडला.

उंटीण आली. पिल्लाला हुंगलं, पुन्हा हुंगलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि कासेतून दूध ठिबकलं. आम्ही पिल्लाला उभं केलं. ते धडपडलं, भलत्याच ठिकाणी तोंड मारलं, आणि मग सड सापडून चटचट लुचायला लागलं.

वहिनीनं डोळे उघडले. "झालं?" तिनं विचारलं, आणि थांबली. उंटिणीनं लगेच पाय उचलला.

"गा!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. पुन्त्साग ओरडला, शेजारीण ओरडली, दादा तर सगळ्यांत मोठ्यानं, "गा गं बाई, गा! तुझ्या पाया पडतो!"

वहिनी आमच्या तोंडांकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला गा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि मग तिनं असा काही आवाज लावला की शेजाऱ्यांचा कुत्रा उठून निघून गेला. पिल्लाचं पोट टम्म होईपर्यंत ती गात होती. आई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.