वेशीचा चुना

परतूरहून येताना दगडी वेस दिसली की आमचं गाव आलं. पोळ्याला सगळे बैल याच वेशीपुढे उभे राहतात, मंगलाष्टका होतात, तोरण तुटतं आणि मानाची जोडी पहिली आत शिरते. एरवी वेशीकडे मान वर करून कुणी बघत नसे.

मग गावाला तिचं प्रेम आलं आणि तिथेच घात झाला. ती नवी दिसावी म्हणून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर गुलाबी ऑइल पेंट फासला. पावसाचं पाणी आत मुरायचं आणि बाहेर पडायला वाट नाही! दोन-चार पावसाळ्यांत कमानीचे दगड निखळू लागले. ग्रामसभेत ठराव आला की वेस धोक्याची झाली, पाडून टाका. ठराव आणणारा कोण, तर मानाच्या जोडीचा मालक. त्याचं हार्वेस्टर कमानीतून आत येत नव्हतं.

तेव्हा माझी बायको उठली. "पोळ्यापर्यंत थांबा. न्हाई नीट झाली तर खुशाल पाडा."

सभा खो खो हसली. मला इतका संताप आला की मी चप्पल घालून बाहेरच पडलो. ती मात्र शांतपणे मुदत पदरात पाडून घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून बाई परातीवर. माफ करा, परांचीवर! गल्लीतल्या चार बायका घेऊन तिने छिन्नी-हातोडीने सिमेंट खरवडून काढलं. घरी स्वयंपाक मी करायचो आणि तो कसा व्हायचा ते विचारू नका. चुना भिजवला, काँक्रीटच्या मिक्सरमध्ये वाळूबरोबर फिरवला, दगडांमधल्या फटींत, म्हणजे दर्जांत, भरला. आठवड्यात पापुद्रे निघाले. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग तिने एका जुन्या गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "भाभी, चुना मशीन में नही बनता. घाणीत दळावा लागतो, बैलं जुंपून." जुनी घाणी मारुतीच्या देवळामागे होती, तिच्या दगडी चरात आम्ही कचरा टाकायचो. ती साफ झाली, पण बैल कुठून आणायचे? आमच्याकडे ट्रॅक्टर. घाणी ओढण्याजोगी दणकट जोडी गावात एकच, ठराव आणणाऱ्याची.

ती सरळ त्याच्या अंगणात गेली. मी मागे.

"माझेच बैल जुंपून माझाच ठराव पाडून राह्यल्या का, वहिनी?" तो म्हणाला.

"भाऊजी, तुमच्या बैलांना मान कुठं मिळतो?"

"वेशीत."

"मंग वेस गेल्यावर कुठं उभे करसाल त्यांना? हार्वेस्टरपुढं?"

तो उठून स्वतःच बैल सोडायला गेला.

ती जोडी घाणीभोवती फिरायची, तो हाकायचा, बायको गुळाचं पाणी ओतायची. चुना लोण्यासारखा उतरला. गवंड्याने एकेक दगड बसवला, दर्जा भरल्या. त्यानंतर धो धो पाऊस झाला, आणि मी रोज सकाळी चहाआधी जाऊन दर्जांत नख घालून बघायचो. कुठेही पापुद्रा सुटला नाही. हार्वेस्टरला गावाबाहेरून रस्ता मिळाला. तो आधीही मिळाला असता, पण त्यासाठी थोडा वळसा घ्यायला हवा होता.

पोळ्याला वेस आपल्या काळ्या दगडात उभी होती. मंगलाष्टका झाल्या, तोरण तुटलं. पण मानाची जोडी हलेना. मालकाने कासरा ओढून धरला होता. बायकांच्या घोळक्याकडे बघत तो ओरडला, "वहिनी, पहिलं तुम्ही!"

ती लाजली, नको नको म्हणाली. बायकांनी तिला पुढे ढकललं.

लग्न झालं तेव्हा याच वेशीतून ती माझ्या मागून, खाली मान घालून गावात आली होती. आज ती पुढे होती, मान वर करून आपली कमान बघत. तिच्या मागे मानाची जोडी, आणि जोडीच्या मागे मी, छाती फुगवून.