सकाळी न घ्यायचं नाव

आमच्या गावाचं नाव सकाळी घेत नाहीत. घेतलं तर दिवसभर पोटात अन्न पडत नाही, असं आसपासची सगळी गावं मानतात. यात कुणाला विशेष वाटायचं कारण नाही, अशी गावं मुलखात इतरत्रही आहेत. विशेष हे, की आम्ही गावकरी स्वतःही ते पाळतो. उठल्यापासून न्याहारी होईपर्यंत आमचं गाव म्हणजे ‘वरचं गाव’, ‘फाट्याच्या पुढं’, नाहीतर नुसतं ‘आपलं’. पोटात भाकरीचा तुकडा गेला, की मग नाव घ्यायला सगळे मोकळे.

कोल्हापुरात शिकायला आलो ते नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजच्या पहिल्याच तासाला सरांनी गाव विचारलं. मी उपाशीपोटी आलो होतो, म्हणून ‘फाट्याच्या पुढं’ म्हणालो, आणि वर्ग खदखदून हसला. पुढं वर्षभर माझं नाव ‘फाटा’ पडलं. मी चिडायचो, पण सकाळच्या तासाला गावाचं नाव काही घ्यायचो नाही. शिकलोसवरलो तरी काही गोष्टी जिभेवरून जात नाहीत, हे खरं.

शिक्षण संपल्यावर शाहूपुरीत एका माडीवर कॉम्प्युटरच्या कामाला लागलो. ‘बिग डेटा’ हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. आम्ही त्याला ‘एन्ट्री’ म्हणायचो. दूध संस्थांचं फॅट, कारखान्याकडं नोंदलेला ऊस, लोकांच्या विजेचे आकडे, जे येईल ते आम्ही आत घालायचो. मला ते काम मनापासून आवडायचं. पूर्वी संस्थेचा सेक्रेटरी दुधाचा वास घेऊन नाक मुरडायचा आणि ज्याच्याशी भांडण त्याचं दूध पातळ ठरवायचा. आता यंत्र सांगेल ते फॅट. ऊसतोड कुणाच्या फडात आधी, हे चेअरमनच्या मेव्हण्याला विचारून ठरायचं, ते आता लागणीच्या तारखेवरून ठरायला लागलं. निदान कागदावर तरी. यंत्राला सोयरंधायरं नसतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटायचो. शनिवारी गावी गेलो की देवळाच्या कट्ट्यावर बसून सांगायचो. म्हातारी माणसं माना डोलवायची आणि विषय पावसावर न्यायची.

माझी बहीण माझ्याहून खूप धाकटी. दोन हजारच्या दशकाच्या शेवटी ती दहावी झाली, चांगल्या गुणांनी झाली, आणि तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेली. तिला नर्सिंगला जायचं होतं. आमच्या गावात दवाखाना नाही, बाळंतीण अडली तर खुर्चीत बसवून खाली न्यावी लागायची, आणि एकदा नेताना वाटेतच एक बाई गेली होती. ती बाई आमच्या शेजारची. बहीण तेव्हा लहान होती, पण तिनं ते मनात धरलं होतं.

वडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. त्यांची अट एकच होती आणि ती त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितली.

“गाडी हाय तवर साळा. गाडी बंद झाली, की साळा बंद. रानातनं पोरीला चालत धाडणार न्हाय मी.”

गाडी म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात यायची, रात्री देवळापुढं उभी राहायची आणि सकाळी उजाडता उजाडता तालुक्याला निघायची. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता दाट रानातला, चालायला तासाभराहून जास्त. गव्यांचे कळप तर नेहमीचेच, आणि त्या वर्षांत चंदगडच्या बाजूनं हत्तीही उतरायला लागले होते. फाट्यावर एक फणसाचं झाड आणि मैलाचा दगड, बाकी काही नाही. एक घरसुद्धा नाही.

त्याच सुमाराला कंडक्टरच्या हातात यंत्र आलं. त्याआधी पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे, कंडक्टर चिमट्यानं टकटक करत भोक पाडायचा. त्या तिकिटावर गावाचं नाव नसायचंच, नुसते टप्प्याचे आकडे. फाटा आणि आमचं गाव एकाच टप्प्यात, भाडं एकच, त्यामुळं कोण कुठून चढला याची उठाठेव कुणी केली नव्हती. यंत्रातून मात्र पांढरी चिठ्ठी यायची आणि तिच्यावर चढल्याचं गाव आणि उतरायचं गाव ठळक छापलेलं असायचं.

पहिल्या दिवशी काय झालं ते आईनं मला सांगितलं. कंडक्टरनं प्रामाणिकपणे आमचं गाव दाबलं आणि पहिली चिठ्ठी समोरच्या म्हातारीच्या हातात दिली. ती बाजारला कोंबड्या घेऊन निघाली होती. तिनं चिठ्ठी शेजारच्या पोराला वाचायला दिली आणि त्यानं मुद्दाम मोठ्यानं वाचली.

“मुडद्या, सकाळच्या पारी ह्ये नाव हातात देतोस व्हय रं?” म्हातारी कंडक्टरच्या अंगावर गेली. “माझ्या कोंबड्या कोण घील आता? फाट्याचं दे. फाट्याचं!”

मग सगळ्या गाडीनं फाट्याचंच मागितलं. कंडक्टर आमच्याच भागातला होता, त्यालाही उपाशीपोटी ते नाव दाबायची हौस नव्हती. भाडं तेच, भांडण टळतंय, मग कशाला डोकं लावा? दुसऱ्या दिवसापासून तो न विचारताच फाटा दाबायला लागला. तालुक्याहून परत येणारी मोठी माणसं काम आटपलं की दुपारीच वडापच्या खासगी जीपला लटकून यायची. मुक्कामी गाडीला उरायची ती शाळा-कॉलेजची पोरं. त्यांच्याकडं पास, आणि पासवाल्याला यंत्रातून तिकीट काढावं लागत नव्हतं. म्हणजे ज्यांचं त्या गाडीवाचून खरंच अडत होतं, ती पोरं यंत्राच्या लेखी जन्मालाच आली नव्हती.

बहीण बारावीत गेली आणि बातमी आली, की गाडी फाट्यावरूनच वळणार. सरपंच, वडील आणि मी तालुक्याला डेपोत गेलो. मला नेलं ते मी कॉम्प्युटरमधला म्हणून. डेपोचा साहेब भला माणूस होता. त्यानं चहा मागवला आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला.

“पावणं, मी तुमच्या वाईटावर न्हाय. पण ह्ये बघा की. फाट्यावर रोज गाडीभर माणूस चढतंय. फाट्याच्या पुढं कोण न्हाय. वर्षभर बघा, कोण न्हाय.”

“फाट्यावर घरच न्हाय साहेब,” सरपंच म्हणाले, “माणूस कुठनं येईल? फणसातनं पडतंय व्हय?”

साहेब हसला. तो वाद घालत नव्हता. त्यानं दुसरा कागद काढला आणि मोठ्या खुशीनं दाखवला. फाट्यावरची रोजची गर्दी बघून तिथं प्रवाशांसाठी शेड मंजूर झाली होती. ती बातमी ऐकून आम्ही आनंदानं उठून नमस्कार करू, असं त्याला वाटत असावं. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. यंत्र खोटं बोलत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि यंत्र खोटं बोलतही नव्हतं. लोक जे बोलले ते त्यानं लिहून घेतलं होतं.

मी साहेबाला नाव न घेण्याचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, कारण त्याचं आजोळ आमच्याच भागातलं होतं.

“मला पटतंय हो. पण वर काय लिहू? सकाळी नाव घेत न्हाईत म्हणून? हसतील मला.” मग जरा विचार करून म्हणाला, “एक करा. पुढचा महिनाभर तिकिटं गावाच्या नावानं घ्या. मी कंडक्टरला सांगतो, मागतील तेच द्यायचं. आकडा आला, की मी गाडी बंद करत न्हाय, शब्द देतो.”

त्या संध्याकाळी देवळात सगळे जमले. संध्याकाळ असल्यामुळं नाव बिनधास्त घेतलं जात होतं आणि सगळे तावातावानं हो म्हणत होते. बाया म्हणाल्या, पोरांचं शिक्षान हाय, नाव घेतलं म्हणून काय मरत न्हाय. कोंबड्यांची म्हातारीही ‘घिऊ की’ म्हणाली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी त्याच गाडीनं कोल्हापूरला निघालो. गाडी सुटली, कंडक्टर पुढून सुरू झाला. “कुठनं?” त्यानं विचारलं. पहिला माणूस खाली बघून म्हणाला, “फाटा.” दुसरा म्हणाला, “हितनंच की.” ‘हितनंच’ असं गाव यंत्रात नव्हतं. कंडक्टर थांबला, तर त्यानं घाईनं “फाटा, फाटा” करून टाकलं. एक जण कोर्टाच्या तारखेला निघाला होता, एकाला मुलीसाठी स्थळ बघायचं होतं, एकीचा मुलगा दवाखान्यात होता. ज्याच्या त्याच्या मनात, आजच्या दिवस नको, आपण सोडून बाकीचे घेतीलच. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी नाव घेतलं, पण हळू आवाजात, हेही खरं.

बहीण मागं मैत्रिणींत बसली होती. तिच्याजवळ आल्यावर कंडक्टर पुढं सरकायला लागला, कारण तिच्या हातात पास होता. तिनं पास दप्तरात घातला.

“मला तिकीट पायजे.”

“पास हाय की तुझा.”

“असू दे. तिकीट द्या.” आणि तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं, सगळं, स्पष्ट, पार ड्रायव्हरला ऐकू जाईल असं.

“गप की गं पोरी!” पुढून कुणीतरी म्हणालं. तिनं चिठ्ठी घेतली, वाचली आणि वहीत ठेवली. मला तिचा अभिमान वाटला.

महिनाभर तिनं हे केलं. मी पाठवलेल्या खर्चाच्या पैशातून तिकीट काढायची, आणि संध्याकाळी घरी आली की उंबऱ्यातच आईला सांगायची, “जेवले बघ मी दुपारी. नाव घिऊन जेवले.” आई म्हणायची, तुझं जेवण झालं, पण घरात कुणाचं काय हुईल ते देव जाणे. चार पोरं तिचं बघून नाव घ्यायला लागली, त्यातली दोन नंतर गळाली. मोठ्यांपैकी काही जण कटकट नको म्हणून सकाळचीही वडापच धरायला लागले, म्हणजे आकडा वाढायच्या ऐवजी घटला.

महिना संपल्यावर मी साहेबाकडं गेलो. त्यानं पडदा वळवला नाही, तोंडीच सांगितलं. आधी आमचं गाव कोरं होतं तेव्हा त्याला म्हणता येत होतं, की नोंदीत काहीतरी गफलत असेल. आता नोंद होती. गावातून रोज तीन-चार माणसं चढतात, हे छापून, तारखेसह, सिद्ध झालं होतं. तीन-चार माणसांसाठी गाडी रानात मुक्कामाला कोण पाठवणार? माझ्या बहिणीनं रोज नाव घेऊन गावाविरुद्धचा पुरावा पक्का केला, हे मला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. हे तिला मी कधीच सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

गाडी फाट्यावरून वळायला लागली. यंत्रातून आमच्या गावाचा थांबाही काढून टाकला. वडाप भरल्याशिवाय हलत नव्हती, आणि लटकलेल्या बाप्यांत पोरीला धाडायला वडील तयार नव्हते. वडील शब्दाला पक्के असले तरी दगड नव्हते. पहिले काही दिवस कोयता घेऊन ते तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले, संध्याकाळी आणायलाही गेले. नव्या शेडमध्ये दोघं बसायची. एका सकाळी धुक्यात गवा समोर आला. वडिलांनी तिला वाटेकडेच्या ओढ्यात ढकललं आणि स्वतः झाडामागं गेले. गवा निघून गेला, कुणाला काही झालं नाही. पण घरी आल्यावर वडिलांनी कोयता खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून ती गेली नाही. परीक्षेला पाचेक महिने राहिले होते. कोल्हापुरात माझ्याकडं ठेवतो म्हणालो, तर एका खोलीत आम्ही तिघं पोरं राहायचो. होस्टेलचे प्रवेश केव्हाच संपले होते. मी सगळीकडं हिंडलो, पाया पडलो, काही जमलं नाही. घरात बसलेली पोरगी म्हणून स्थळं यायला लागली, आणि उन्हाळ्यात लग्न उरकलं.

तिचं सासर सपाटीला, हमरस्त्याला लागून. पुढच्या दिवाळीला मी गेलो, तेव्हा बारावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो, त्याची सगळी माहिती काढून नेली होती. ती आत चहा करत होती, सासू शेजारी गेली होती. मी फॉर्मचं सांगत राहिलो, ती ऐकत राहिली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला, माणसं उतरली, घंटी वाजली, गाडी गेली.

“हितं दर अर्ध्या तासाला गाडी हाय बघ दादा,” ती म्हणाली.

“मग बरंच झालं की,” मी म्हणालो.

“व्हय,” तिनं कप माझ्या हातात दिला. “पण आता मला कुठं जायचंय?”