रेडिएटरचं गरम पाणी

फोन आला तेव्हा माझ्या दुकानात एक नवरी बसली होती आणि तिच्या डाव्या हातात मी चुडा भरत होतो. बांगडी अर्ध्यावर असताना कासारानं दुसरीकडे बघायचं नसतं, पण रफिकच्या घरचा नंबर दिसला म्हणून फोन खांद्यात धरून उचलला. त्याचा धाकटा भाऊ सलीम होता. "भाऊ, भाईजान गेले... गॅरेजमधीच." नवरीच्या आईनं विचारलं, कोण गेलं हो? मी म्हणालो, आमचा हिरो गेला. बाई बाहेरगावची होती, तिला काही समजलं नाही. वडवणीच्या आसपासचं कुणी असतं तर लगेच समजलं असतं.

रफिक मिस्त्री वर्षभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि जत्रेला नाटक करायचा. लिहायचा तोच, बसवायचा तोच, हिरोचं कामही दुसऱ्याला द्यायचा नाही. हिरोईन मी. कामाला बाई मिळत नव्हती आणि बांगड्या माझ्या दुकानात फुकट होत्या, एवढ्याच गुणांवर माझी निवड झाली होती. आमचं सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे 'घाटात उगवला सूर्य'. त्यात रफिक ट्रक ड्रायव्हर आणि मी भर घाटात अडलेली बाळंतीण. पोटावर उशी बांधून मी घोंगडीआड आडवा व्हायचो, रफिक बाह्या सारून ओरडायचा, "गरम पाणी आणा!" घाटात गरम पाणी कुठून येणार, आणि आलंच तर त्याचं करायचं काय, हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही स्वतःला विचारलं नाही. मग तो कोयता जाळावर धरायचा, घोंगडीआड यायचा आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणायचा, "रड की बे." मग मी नाक दाबून बाळासारखा टाहो फोडायचो. तो बाहुली पायाला उलटी धरून बाहेर आला की समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. तीन-चार गावांच्या जत्रांनी आम्हाला या एका प्रवेशासाठी बोलावलं होतं.

गोष्टींतल्या पुरुषांना बाळंतपण फार सोपं जातं. पूर असो, रेल्वे असो, जंगल असो, एखादा गडी पुढं होतो, थोडा घाम पुसतो आणि बाळ रडतं. पुरुषाला आपण देव असल्यासारखं वाटावं म्हणूनच बहुधा पुरुषांनी या गोष्टी लिहिल्या असाव्यात. आमच्या रफिकनंही तेच केलं होतं, आणि मी त्याला उशी बांधून साथ दिली होती.

मग एका वर्षी दिवाळी होऊन गेली होती, ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या होत्या. रफिक पार्ट आणायला टेंपो घेऊन परळीला गेला होता, मी माल घ्यायला त्याच्याबरोबर. दुपारी परत निघालो. सिरसाळ्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला थांबलेला दिसला आणि एक पोरगेला माणूस दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा होता. ट्रॉलीत संसाराच्या गाठोड्यांवर त्याची बायको आडवी पडली होती. टोळीतल्या जाणत्या बाया पुढच्या गाडीत निघून गेल्या होत्या. मागं राहिले हे दोघं आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. आठवा महिना होता, अजून वेळ आहे म्हणून ते निघाले होते.

"टेंपोत घ्या, परळीला नेतो," रफिक म्हणाला. आम्ही तिला उचलून टेंपोच्या हौद्यात ठेवलं आणि तिनं फळीच घट्ट धरली. "आता न्हाई... आता कुटंच न्हाई," एवढंच ती म्हणाली. तिच्या नवऱ्यानं, गणेशनं, तोवर रफिकच्या तोंडाकडे नीट बघितलं होतं. "तुमी घाटातले मिस्त्री न्हाई का?" रफिकनं मान हलवली. तसा गणेशच्या जिवात जीव आला. "सविते, भिऊ नको. ह्यांना येतंय. म्या सवता बघितलंय, जत्रंत."

"आरं, ते नाटक होतं बे," रफिक म्हणाला.

"नाटक आसंल की. पर हात तर तुमचेच हुते ना?"

आमच्या हिरोनं बाह्या सारल्या. सवितानं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा थोडा सैल झाला. तिचा विश्वास बसला होता... मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटली ती तिच्या त्या विश्वासाची. तिचा नि बाळाचा जीव तिनं एका नाटकाच्या हवाली केला होता आणि हे त्या टेंपोत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी अँब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली आहे, म्हणाले, आणि फोन एका डॉक्टरबाईंकडे दिला. मी स्पीकर चालू करून फोन फळीवर ठेवला. सविताच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि कळ आली की ती फळी अशी आवळायची की त्या फुटणार हे मला दिसत होतं. मी तिचा पंजा दाबून एकेक बांगडी उतरवायला लागलो. मला येणारं तेवढंच काम तिथं होतं. रफिक मात्र घामानं भिजला होता. काहीतरी करायला हवं म्हणून की सवयीनं, देव जाणे, तो ओरडला, "गरम पाणी आणा!"

आणि पाणी आलं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पळत गेला आणि कॅन भरून घेऊन आला. "रेडिएटरचं हाय मिस्त्री, लई कडक हाय." तांबूस, वाफाळतं, ऑइलचा वास मारणारं पाणी. त्याच्या मागोमाग गणेश कोयता घेऊन उभा, दुसऱ्या हातात पेटती काडी. त्यालाही आमचा प्रवेश तोंडपाठ होता.

"पाणी कशाला हवंय? ठेवा बाजूला," फोनमधून डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हे बघा, काहीही कापू नका. नाळ कापायची नाही, बाळाला ओढायचं नाही. येईल तसं फक्त हातावर घ्या. स्वच्छ, कोरडं कापड आहे का?" मिस्त्रीच्या टेंपोत कुठलं स्वच्छ कापड. जे होतं ते ग्रीसनं काळं. मी त्या दिवशी परळीच्या व्यापाऱ्यासमोर जायचं म्हणून धुतलेला शर्ट घातला होता. तो काढून दिला. टेंपोतल्या पिण्याच्या पाण्यानं आणि बांगड्या भरायला म्हणून मी आणलेल्या साबणानं रफिकनं कोपरापर्यंत हात धुतले, तरी नखांतलं काळं निघेना. त्या नखांकडे बघून तो रडकुंडीला आला होता.

बाळ आलं ते एकदम आलं. रफिकनं ते माझ्या शर्टात घेतलं. मुलगी होती, निळसर, आणि हलत नव्हती. "कोरडं करा, पाठ चोळा," बाई सांगत होत्या, "थांबू नका, चोळत राहा." रफिक चोळत होता. आवाज नाही. सविता मान उचलून विचारत होती, "कावून रडंना? सांगा की, कावून रडंना?" गणेशच्या हातातला कोयता खाली पडला. आणि रफिकनं माझ्याकडे बघितलं, अगदी घोंगडीआड बघायचा तसं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पक्या... रड की बे."

आपण काय बोललो हे त्याला पुढं कधी आठवलं नाही. मला ते अजून ऐकू येतं. माझा हात सवयीनं नाकाशी गेला आणि तिथंच राहिला. त्याचे हात चालूच होते. मग त्या शर्टातून मांजराच्या पिलासारखा बारीक, चिरका आवाज आला, थांबला, पुन्हा आला. इतकी वर्षं मी जे रडत होतो त्याच्याशी त्या आवाजाचा काहीही संबंध नव्हता. रफिकनं तिला तशीच, नाळेसकट, आईच्या पोटावर ठेवलं आणि वरून गोधडी पांघरली. मग अँब्युलन्स आली. मायलेकींना घेऊन ती गेली तेव्हा रफिक टेंपोच्या चाकाशी बसून पुन्हा नखं घासायला लागला.

दोघी नीट घरी गेल्या. गणेशनं गावभर सांगितलं, मिस्त्रीनं बाळंतपण केलं. रफिकसमोर कुणी हे म्हटलं की तो चिडायचा. "बाळंतपण तिनं केलं बे. म्या शर्ट धरला, त्यो बी पक्याचा." मला मात्र एकदा गॅरेजच्या पायरीवर बसून म्हणाला होता, "त्या फोनवर बाई नसत्या तर आपण काय केलं आसतं? कोयता घेतला आसता. पोरीला उलटी धरली आसती. आपल्याच नाटकानं मारलं आसतं तिला." पुढच्या जत्रेला त्यानं प्रवेश बदलला. नव्या प्रवेशात हिरो फोन लावतो, हात धुतो आणि सांगितलं तेवढंच करतो. लोकांना मुळीच आवडला नाही. कोयता कुठं गेला, असं मागून कुणीतरी ओरडलं. रफिकनं जुना प्रवेश पुन्हा केला नाही, आणि हळूहळू बोलावणीही थांबली. एवढा टाळ्यांचा भुकेला माणूस, पण त्याबद्दल त्याची कुरकूर मी ऐकली नाही.

परवा त्याच्या मरणाचा चाळीसावा दिवस झाला. पाहुणे गेल्यावर त्याच्या बायकोजवळ, शकीलाभाभीजवळ थोडा वेळ बसावं म्हणून मी थांबलो होतो. टेंपो आता सलीम चालवतो. त्याला परळीला जायचं होतं, तो गाडीत बसतच होता, तेवढ्यात भाभी आतून एक पांढरा टॉवेल घेऊन आल्या. नीट घडी घातलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलेला, सोबत साबणाची नवी वडी. इतक्या वर्षांत मी त्या टेंपोत कितीदा बसलो असेन, पण रफिक सीटखाली हे ठेवत होता, हे मला माहीत नव्हतं.

"दर जुम्म्याला धुऊन ठेवते," भाभी म्हणाल्या. "एकदा पण वापरला नाही. पण धूळ बसती, हे म्हणायचे, धुतलाच पायजे."

"आता कशाला, भाभी? सलीमला काय येतंय त्यातलं?"

त्यांनी दार उघडून पिशवी सीटखाली आत सरकवली, हातानं चाचपून बघितली.

"ह्यांना तरी कुठं येत होतं, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि दार लावलं.