दुप्पट करायचं राहिलं

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकाबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. यंत्रानं आकडा दिला की बाकीचे तो मुकाट्यानं पुढे पाठवून मोकळे होत. ही मात्र भुवया चढवून त्याच्याकडे असं बघायची, की आकड्यालाच घाम फुटावा. नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? मागच्या नमुन्याचा थेंब तर राहिला नाही ना? डॉक्टर मॅडम वैतागून म्हणायच्या, "अगं, कधीतरी विश्वास ठेव की!" पण अवघड नमुना आला की तो हिच्याच पुढ्यात सरकवायच्या.

प्रोलॅक्टिनवर तर तिचा खास राग. बाईच्या अंगात दूध आणणारं हे संप्रेरक. भलत्या वेळी वाढलं तर पाळी थांबते, दिवस राहत नाहीत, आणि कधीकधी मुळाशी मेंदूखालच्या ग्रंथीतली गाठ निघते. पण काहींच्या रक्तात त्याला दुसरंच एक प्रथिन चिकटून बसतं. असं जाडं प्रोलॅक्टिन अंगात काडीचं काम करत नाही. यंत्राला ते कुठं कळतंय? ते त्यालाही मोजतं, आणि धडधाकट बाई उगाच गोळ्या गिळत बसते. हे सोंग उघडं पाडायची रीत सोपी आहे. सीरममध्ये तेवढंच पेग नावाचं द्रावण घालायचं आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. जाडं प्रोलॅक्टिन तळाशी बसतं. वरचं नितळ पाणी पुन्हा मोजायचं, आणि त्यात निम्मं पेग असल्यामुळे आलेला आकडा दुप्पट करायचा.

त्या दिवशीची नळी तिच्या धाकट्या बहिणीची होती.

धाकटीला मूल हवं होतं आणि पाळीचा पत्ता नव्हता. प्रोलॅक्टिन पंचविसाच्या आत हवं, ते आलं होतं बहात्तर. वर डोकं ठणकायचं. डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅन सांगितलं होतं आणि मिनतवाऱ्या करून त्याच दुपारची वेळ मिळाली होती. बंद जागेची धाकटीला लहानपणापासून धास्ती.

"ताई, त्या नळकांड्यात जीव जाईल गं माझा," ती सकाळी रक्त देताना म्हणाली होती. "आधी तुझी ती पेगची तपासणी करून बघ ना."

ताई विरघळली. घरचंच काम म्हणून तिनं नमुना संगणकात नोंदवलाच नाही, परस्पर यंत्रात लावला. नोंदवलेल्या नमुन्याचा आकडा संगणक आपणहून दुप्पट करतो. इतकी वर्षं त्यानं बिनबोभाट केलेलं काम ती पार विसरून गेली होती. सवयीनं शेजारी पडताळणीची नळी मात्र लावली, तीही तशीच, न नोंदवता. त्या नळीत प्रोलॅक्टिन खरोखर वाढलेलं होतं, म्हणजे पेग घातल्यावरही ते बहुतेक सगळं वर शिल्लक दिसायला हवं.

धाकटीचा आकडा आधी आला. चोवीस.

एरवी या बाईनं चोवीसची उलटतपासणी घेतली असती. आज तिनं फोन उचलला.

"अगं, खोटं आहे ते! सगळं जाडं प्रोलॅक्टिन. तुला काही झालेलं नाही!"

पलीकडे स्कॅनच्या केंद्रात वाट बघत बसलेली धाकटी रडतच सुटली. मग हसली. "मी वेळ रद्द करते," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात पडताळणीचा आकडा पडद्यावर आला. तो निम्माच होता. म्हणजे त्या नळीतलंही जाडंच? असं होणंच शक्य नव्हतं. पेग खराब की यंत्र बिघडलं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि मग तिला आठवलं. दुप्पट. तिनं दुप्पट केलंच नव्हतं. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. बहात्तरातले अठ्ठेचाळीस वरच राहिले होते. धाकटीचं प्रोलॅक्टिन खरंच वाढलेलं होतं.

धाकटीचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. मॅडमना "जाऊन येते" एवढंच सांगून ती पांढऱ्या कोटातच धावत सुटली. स्कॅनचं केंद्र मागच्याच रस्त्यावर होतं, पण आज तो रस्ता संपता संपेना. देवा, ती निघून गेली नसू दे. गेली तर पुन्हा कधी येणार ती या दारात?

फाटकातून धाकटी नवऱ्याबरोबर बाहेरच येत होती. ताईला बघताच धावत येऊन गळ्यात पडली.

"चुकले गं मी," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. "आकडा दुप्पट करायचा राहिला. ते खरंच वाढलंय. स्कॅन करायला हवं, आजच."

गळ्यातले हात सैल पडले. मेहुण्यानं विचारलं, "म्हणजे गाठ आहे?"

"ते मला माहीत नाही. बघायलाच हवं."

खिडकीतल्या बाईनं वेळ दुसऱ्याला देऊन टाकली होती. ताईनं हात जोडले. बाई तिच्या कोटाकडे बघून म्हणाली, "बसा. मध्ये जागा झाली तर घेते." तिघं बाकावर बसली. शेवटी एकदाची हाक आली.

धाकटी उठली. तिनं कानातले काढून ताईच्या हातात ठेवले.

"आता तरी नक्की ना?"

"नक्की," ताई म्हणाली. या वेळीही आपलंच चुकलेलं निघावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

दारापाशी धाकटी वळली.

"इथंच बस," ती म्हणाली. "आणि आता घरी कुणाला फोन करू नकोस."