पाल्यातला तांदूळ

घोरावाडी स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत विषमुक्त अन्नावर जेवढं बोललं जातं, तेवढं पाण्याच्या टँकरवरही बोललं जात नाही. त्यात मी सगळ्यांत पुढे. शाळेत शिकवते, त्यामुळे समोर चार माणसं बसली की जीभ आपोआप सुटते.

पवनेकाठच्या एका मावशींना सोसायटीत मीच आणलं. घरचा इंद्रायणी तांदूळ, साठवताना पावडर लावायची नाही, फक्त कडुलिंबाचा पाला घालायचा, आणि आम्ही वर्षभर त्यांच्याकडूनच घ्यायचा, असं ठरलं. ग्रुपवर सगळ्यांनी धडाधड अंगठे दिले. त्या भरवशावर मावशींनी दारात आलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवलं.

चैत्रात तांदळाला पोरकिडे झाले. होणारच! विष नाही तिथे किडा जगतो, एवढं न कळायला आम्ही काय कुक्कुली बाळं होतो? पण ग्रुपवर फोटो आले, ‘शी’ आलं, ‘मुलं खातात हो हे’ आलं, आणि एकेकाच्या घरी मॉलमधली पांढरीशुभ्र पाकिटं येऊ लागली. मावशींकडची उरलेली पोती कुणीच उचलली नाहीत. मी सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. घरी मात्र दोनदा तांदूळ चाळून वैतागले आणि सकाळच्या शाळेच्या घाईत मोबाईलवरून तसलंच पाकीट मागवलं. हे काही ग्रुपवर लिहिलं नाही.

दिवाळीनंतर नवा तांदूळ आला, तेव्हा लाज गिळून मावशींच्या घरी गेले. वाटलं होतं, चार शब्द सुनावतील. त्यांनी चहा दिला आणि पडवीतली पोती दाखवली.

“ह्यो पाल्यातला, आमच्या घरी खायाला. त्यो पावडर लावल्याला, तुमच्या सोसायटीला. आता किडं व्हायचं न्हाईत, बाई.”

“अहो मावशी, पण पावडर नको म्हणूनच तर आम्ही...”

“म्हनलात की. पर न्हेलात कुटं?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. “तुमाला सवताला कंचा बांधू?”

मी पाल्याच्या पोत्यात हात घातला. मूठभर दाणे उगाचच निरखत बसले. सोसायटीतल्या एकेकाला आठवून जेवढी चिडले नव्हते, तेवढी त्या क्षणी स्वतःवर चिडले.

“पावडरीचाच द्या,” मी मान खाली घालून म्हणाले.

मावशींनी सुतळी उचलली.

“तरी इचारलं म्या,” त्या म्हणाल्या.